यांत्रिक होडीचा शाफ्ट आणि इंजिनाची रेषा

सह्याद्रीत उगम पावलेली अंबा नदी पाली व नागोठणे यांवरून वाहत येऊन धरमतर येथे रुंद खाडीचे रूप धारण करते व पुढे रेवस आणि करंजा यांच्यामधून मुंबई बंदराच्या पाण्यास मिळते. खाडीच्या एका अंगास पेण तालुका व दुसऱ्या अंगास अलिबाग तालुका आहे. दोन्ही काठांवर बांध घालून समुद्रापासून राखलेली खारजमीन पसरलेली असून तीत पावसाळ्यात भाताचे एकच पीक निघते. रस्ते आणि पूल होण्यापूर्वी मुंबईच्या बोटी धरमतरच्या धक्क्यास लागत व अलिबाग-पेणकडे जाणारा उतारू येथे उतरे. आज त्याच पाण्यातून डोलवीच्या पोलाद कारखान्याचा माल घेऊन बार्जा ये-जा करतात आणि त्यांच्या आजूबाजूस काठावरील गावांच्या लहान यांत्रिक होड्या चालतात.

या होड्यांचा प्रश्न शेतकीच्या पत्रिकेत कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, खाडीकाठच्या कित्येक घरांत शेती आणि मासेमारी हे दोन निराळे धंदे नाहीत. एकच कुटुंब जुलैत लावणी करते आणि ऑगस्टात जाळी घेऊन खाडीत उतरते. महाराष्ट्र शासनाने २०२५ साली मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा दिला, त्यामुळे कागदोपत्रीही हा भेद आता बराचसा मिटला आहे. शिवाय ज्या शेतकऱ्याने विहिरीवर तेलाचे इंजिन व पंप बसविला आहे त्यास हा विषय मुळीच परका वाटणार नाही.

इंजिन आणि पंप निरनिराळे घेऊन कपलिंगने जोडले आणि दोहोंचे दांडे एका रेषेत नसले, तर काय होते हे अशा शेतकऱ्याने पाहिलेले असते. पंपाची बेअरिंगे वर्षभरात खडखडू लागतात, कपलिंगमधील रबराचा भुगा खाली पडतो, बैठकीचे बोल्ट ढिले होतात आणि तेल अधिक जळते. मोनोब्लॉक पंपात मोटार व पंप एकाच दांड्यावर असल्यामुळे ही कटकट उरत नाही. तो पंप लोकप्रिय होण्याचे ते एक कारण होय. होडीत मात्र तशी सोय करता येत नाही. इंजिन होडीच्या पोटात, पंखा बाहेर पाण्यात, आणि दोहोंमध्ये लांब पोलादी दांडा, म्हणजे शाफ्ट, अशी रचना तेथे अपरिहार्य असते. पंपाची रेषा चुकली तर पाणी शेतात कमी जाते. होडीची रेषा चुकली तर पाणी होडीत येते.

शाफ्टाची वाट

गिअरबॉक्सच्या मागील तोंडास एक पोलादी तबकडी असते, तिला फ्लँज म्हणतात. शाफ्टाच्या पुढील टोकास तशीच दुसरी तबकडी असते. दोन्ही तोंडास तोंड लावून बोल्टांनी आवळल्या की कपलिंग तयार होते. तेथून शाफ्ट मागे जातो तो प्रथम ग्लँडमधून. ग्लँडमध्ये चरबी किंवा ग्रीस लावलेल्या दोराचे वेढे, ज्यास पॅकिंग म्हणतात, शाफ्टाभोवती दाबून बसविलेले असतात. बाहेरचे पाणी आत येऊ न देणे हे त्यांचे काम. पुढे स्टर्न ट्यूब नावाची नळी व तिच्या मागील टोकास बेअरिंग येते. हे बेअरिंग बहुधा खाचा पाडलेल्या रबराचे असते आणि खाचांतून वाहणारे पाणी हेच त्याचे वंगण. त्यापलीकडे पंखा.

पाण्यात फिरणाऱ्या या पंख्याचा इतिहास शेतकऱ्यांस मौजेचा वाटेल. ज्या इंग्रज गृहस्थाने ३१ मे १८३६ रोजी त्याचे पेटंट घेतले तो फ्रान्सिस पेटिट स्मिथ हा गुरे चारणारा शेतकरी होता. प्रारंभी रोमनी मार्श येथे, म्हणजे समुद्रापासून बांध घालून मिळविलेल्या जमिनीवर, त्याची शेती होती. आपल्या खारभूमीचीच ती एक विलायती बहीण म्हणावयाची. आपला नमुना त्याने शेतातील तळ्यावर चालवून पाहिला. पुढे कालव्यातील एका चाचणीत त्याच्या लाकडी पंख्याचा अर्धा भाग तुटून पडला आणि होडी उलट अधिक वेगाने धावू लागली. त्यावरून पंख्याची लांबी कमी करावी हे उमगले. पंखा आला, पण शाफ्ट ज्या बेअरिंगांत फिरे ती धातूची बेअरिंगे मोठ्या आगबोटींत भराभर झिजू लागली. जॉन पेन या यंत्रज्ञाने १८५४ साली लिग्नम व्हिटी या अतिशय कठीण लाकडाच्या पट्ट्या बेअरिंगात बसवून व त्यांत पाणी खेळवून ती अडचण दूर केली. आजच्या रबरी बेअरिंगामागील कल्पना तीच आहे.

आपल्याकडे मासेमारी होड्यांस इंजिने बसविण्याचे काम स्वातंत्र्यानंतर नेटाने सुरू झाले. १९५२ साली भारत, नॉर्वे व संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार होऊन केरळात नीणडकरा येथे जो प्रकल्प उभा राहिला त्यात यांत्रिक होड्यांस प्रमुख स्थान होते. मुंबई राज्यातही त्याच दशकात शिडाच्या मचव्यांत इंजिने बसू लागली. येथे एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. मचवा हा शिडासाठी घडविलेला. त्याचा सांगाडा वाऱ्याचा ताण सोसण्यास समर्थ. परंतु शेकडो किलो वजनाचे इंजिन एका जागी धरून ठेवावे आणि त्याच्यापासून पंख्यापर्यंत केसभरही फरक न पडू द्यावा, ही अपेक्षा जुन्या सुताराने कधी केली नव्हती. आता होड्या इंजिनासाठीच बांधल्या जातात, फायबरच्या होड्याही आल्या आहेत; तरी लाकडी होडी लवते, फुगते आणि सुकते हा तिचा स्वभाव बदललेला नाही.

केसभर फरकाचा हिशेब

रेषा दोन प्रकारांनी चुकते. दोन्ही तबकड्या एकमेकींस समांतर असून त्यांची केंद्रे वरखाली किंवा आजूबाजूस सरकलेली असणे हा एक प्रकार. केंद्रे जुळत असून तबकड्यांची तोंडे एका बाजूस मिटलेली व दुसऱ्या बाजूस उघडी असणे हा दुसरा. प्रत्यक्षात दोन्ही दोष बहुधा एकत्र आढळतात.

चूक किती चालेल? सर्वसाधारण नियम असा की, तबकडीच्या व्यासाच्या प्रत्येक इंचास एक सहस्रांश इंच यापेक्षा अधिक फट एका बाजूस नसावी. चार इंची, म्हणजे सुमारे १०० मिलीमीटर व्यासाच्या तबकडीस ही मर्यादा ०.१ मिलीमीटर पडते. मुलांच्या वहीच्या एका कागदाची जाडी साधारण एवढीच असते. बोल्ट आवळताच ही फट दिसेनाशी होते आणि फसगत होते ती नेमकी येथे. फट नाहीशी झालेली नसते. बोल्टांच्या जोराने शाफ्ट वाकून ती झाकलेली असते.

वाकलेल्या स्थितीत शाफ्ट फिरला म्हणजे प्रत्येक फेऱ्यात तो एकदा इकडे व एकदा तिकडे लवतो. इंजिन मिनिटास १,५०० फेरे करीत असून गिअरबॉक्समुळे शाफ्टाचे ५०० फेरे होत असतील, तर तासास ३०,००० आणि सहा तासांच्या खेपेत १,८०,००० वेळा त्या पोलादास लवावे लागते. दहा खेपांत अठरा लाख. लोखंडी तार हाताने पुढेमागे वाकवीत राहिल्यास ती तुटते, हे लहान मूलही जाणते. शाफ्ट जाड असल्याने त्यास वेळ लागतो एवढेच. त्यात खाऱ्या पाण्याने पोलाद थकण्याची क्रिया अधिक जलद होते. म्हणून शाफ्ट तुटतो तो बहुधा कपलिंगजवळ, जेथे चावीसाठी खाच पाडलेली असते किंवा निमुळता भाग सुरू होतो तेथे. नाखवा म्हणतो, माल कच्चा निघाला. कधी तसे असेलही. परंतु दुसरा शाफ्टही त्याच जागी तुटला तर मालास दोष देणे सोडून रेषेकडे पाहिले पाहिजे.

ग्लँड आवळण्याची सवय

शाफ्ट तुटणे ही शेवटची पायरी. तत्पूर्वी होडी अनेक खुणा दाखविते. ठराविक वेगाला तळातून थरथर जाणवते. इंजिनाच्या पायांचे बोल्ट वरचेवर ढिले होतात. गिअरबॉक्सच्या मागील सीलमधून तेल झिरपते. मागील बेअरिंग एकाच बाजूने झिजते. आणि सर्वांत आधी दिसणारी खूण म्हणजे ग्लँड गळू लागतो.

ग्लँड गळू लागला की पाना घेऊन तो आवळावयाचा, ही सवय सर्व बंदरांत आढळते आणि तीच सर्वांत घातक आहे. ग्लँडमधून थोडे पाणी यावयासच हवे. शाफ्ट फिरत असता मिनिटास काही थेंब पडावेत. त्या पाण्याने पॅकिंग थंड राहते. होडी उभी असता गळती थांबावी किंवा जवळजवळ थांबावी. रेषा चुकलेली असली म्हणजे शाफ्ट ग्लँडमध्ये मध्यभागी न फिरता एका अंगास घासतो, त्या अंगाचे पॅकिंग दबते आणि विरुद्ध अंगास वाट मोकळी होते. आवळल्याने ती वाट चार दिवस बुजते. पण घासणाऱ्या बाजूस पाणी पोचत नाही, पॅकिंग करपते, कडक होते आणि शाफ्टावरच चर पाडते. मग नवे पॅकिंगही टिकत नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा पाना. ताप आला की कपाळावर ओली पट्टी ठेवावी आणि जखम तशीच पिकू द्यावी, त्यातला हा प्रकार.

ग्लँड तापतो किंवा नाही हे पाहणे सोपे आहे. तासभर चालल्यावर इंजिन बंद करावे, शाफ्ट पूर्ण थांबू द्यावा आणि मगच ग्लँडवर हात ठेवावा. कोमट लागल्यास ठीक. चटका बसल्यास काहीतरी बिघडले आहे. फिरत्या शाफ्टाजवळ हात, पंचा किंवा लुंगीचे टोक कधीही नेऊ नये. ही सूचना अनावश्यक वाटेल, तरी ती वारंवार द्यावी लागते.

यात धोका केवळ खर्चाचा नाही. पाण्याखाली अर्ध्या मीटरवर असलेल्या पाच सेंटिमीटर व्यासाच्या उघड्या भोकातून मिनिटास सुमारे दोनशे लिटर पाणी आत येते. पंधरा लिटरच्या बादलीने उपसावयाचे म्हटल्यास मिनिटास तेरा-चौदा बादल्या होतात. शाफ्ट कपलिंगशी तुटून मागे सरकला आणि पंख्यासकट निसटला, तर होडीच्या तळास असेच भोक उरते. गळणारा ग्लँड असलेली होडी रात्रभर बिनमाणसाची नांगरून ठेवणे हेही त्याच्याच खालोखाल धोक्याचे.

मोठ्या जहाजांसही या नियमातून सूट नाही. १० डिसेंबर १९४१ रोजी मलायाच्या किनाऱ्यालगत ब्रिटिश आरमाराच्या 'प्रिन्स ऑफ वेल्स' या युद्धनौकेवर जपानी विमानांनी हल्ला केला. एक पाणतीर मागील भागी डावीकडील बाहेरच्या शाफ्टाजवळ लागला. रेषेतून हललेला तो शाफ्ट फिरत राहिल्याने त्याच्या वाटेतील ग्लँड व जलरोधक भिंती उद्ध्वस्त झाल्या आणि शाफ्टाच्या बोगद्यातून पाणी आत लोटले. पुढे आणखी पाणतीर लागून ती नौका बुडाली. ते युद्ध होते आणि येथे खाडी आहे. परंतु शाफ्टाच्या वाटेने येणारे पाणी दोन्हीकडे सारखेच.

तपासणी केव्हा करावी

१ जून ते ३१ जुलै ही यांत्रिक मासेमारीस बंदी असते. या काळात होड्या ओढून वर घेतात, झापांनी किंवा प्लॅस्टिकने शाकारतात. इंजिनाची दुरुस्ती, नवे शाफ्ट व नवी बैठक ही कामे याच वेळी कोरड्या जागी होतात, आणि कारागीर तेव्हाच रेषा जुळवून देतो. लावणी नुकतीच आटोपलेली असते, नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली असते, पैशाची ओढ असते. होडी पाण्यात ढकलली जाते आणि पुन्हा रेषा कोणी पाहत नाही.

येथेच चूक होते. कोरडी होडी ठोकळ्यांवर टेकलेली असते आणि ठोकळे जेथे असतील तसा तिचा तळ उचललेला किंवा दबलेला असतो. पाण्यात गेल्यावर तिला सर्वांगी आधार मिळतो व तळाचा मुख्य वासा, ज्यास पठाण म्हणतात, निराळा बाक घेतो. दोन-तीन दिवसांत फळ्या पाणी पिऊन फुगतात. इंधनाची टाकी भरली, बर्फ आणि जाळी चढली की आणखी फरक पडतो. कागदाच्या जाडीइतके माप या सर्वांतून टिकून राहील, अशी आशा करणे व्यर्थ होय. कोरड्या जागी जुळविलेली रेषा ही कच्ची रेषा समजावी. खरी जुळणी होडी पाण्यात तरंगू लागल्यावर निदान दोन दिवसांनी, टाकी निम्मी भरून व सामान नेहमीच्या जागी ठेवूनच करावी. फायबरची होडी फुगत नाही, परंतु ठोकळ्यांवर तीही थोडीफार लवते; म्हणून तिलाही हाच नियम लावावा.

धरमतर खाडीत याला आणखी एक फाटा आहे. मुंबई बंदराच्या परिसरात उधाणाच्या भरतीची उंची पाच मीटरच्या जवळपास जाते आणि ओहोटीस काठाचा चिखल दूरवर उघडा पडतो. कित्येक होड्या दिवसातून दोनदा त्या चिखलात टेकतात व एका कुशीवर कलतात. कारागिरास ओहोटीची वेळ सोयीची वाटते, कारण होडी हलत नाही, चढणे-उतरणे सोपे जाते. परंतु चिखलात टेकलेली होडी म्हणजे पुन्हा ठोकळ्यांवरचीच होडी, आणि ठोकळेही वाकडे. म्हणून काम भरतीच्या पाण्यावर, शक्य तर भांगाच्या दिवसांत, जेव्हा पाण्याची ओढ कमी असते तेव्हा, होडी पूर्ण तरंगत असताना करावे. भरती उतरू लागली आणि काम अपुरे असले तर उरलेले दुसऱ्या भरतीस करावे. घाईने चिखलात पुरे करू नये.

याच चिखलामुळे दुसरी दोन संकटे येतात. खाडीच्या गढूळ पाण्यातील बारीक रेव रबरी बेअरिंगाच्या खाचांत जाऊन ते झिजविते. आणि उथळ जागी पंखा रुतला किंवा वाहत आलेल्या ओंडक्यास आपटला तर शाफ्ट किंचित वाकतो. असा प्रसंग घडल्यावर होडी चालते म्हणून स्वस्थ बसू नये. पहिल्या सोयीच्या भरतीस तपासणी करावी.

तपासणीची रीत

साधने थोडीच लागतात: पात्यांचे माप, म्हणजे फीलर गेज, पाने, एक स्प्रिंगचा काटा, कानशी आणि निरनिराळ्या जाडीच्या पितळी किंवा गंज न चढणाऱ्या पोलादाच्या चकत्या. फीलर गेज मोटार दुरुस्तीच्या दुकानांत मिळते व एका संस्थेत एक असले तरी अनेक होड्यांस पुरते.

इंजिन बंद करून ते चुकूनही सुरू होणार नाही अशी व्यवस्था करावी. कपलिंगचे बोल्ट काढून शाफ्ट थोडा मागे सरकवावा, मात्र तो पूर्ण सुटणार नाही हे पहावे. दोन्ही तबकड्यांची तोंडे पुसून गंज, रंग व उंचवटे कानशीने अलगद काढावेत. धुळीचा एक कणही माप बिघडविण्यास पुरेसा होतो.

यानंतरची पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते. बोल्ट सुटल्यावर शाफ्टाचे पुढील टोक स्वतःच्या व तबकडीच्या वजनाने खाली लोंबते. ते तसेच ठेवून माप घेतल्यास इंजिन उगाच खाली आणले जाते. म्हणून स्प्रिंगच्या काट्याने ते उचलून धरावे. किती उचलावे? शाफ्टाचा जेवढा भाग ग्लँडपासून पुढे अधांतरी असेल त्याचे निम्मे वजन आणि तबकडीचे पूर्ण वजन. उदाहरणार्थ, ४० मिलीमीटर व्यासाच्या पोलादी शाफ्टाचे वजन दर मीटरास सुमारे १० किलो भरते. अधांतरी भाग ६० सेंटिमीटर असल्यास त्याचे वजन ६ किलो, निम्मे ३ किलो. तबकडी ४ किलोची असल्यास काटा ७ किलो दाखवीपर्यंत ओढावा व त्या उंचीस खाली लाकडी टेकू द्यावा.

आता शाफ्ट हाताने पुढे आणावा. एका तबकडीच्या मध्यभागी उंचवटा व दुसरीत तसाच खळगा असेल तर ते जोर न लावता एकमेकांत बसले पाहिजेत. न बसल्यास केंद्रे जुळलेली नाहीत. बसल्यास वर, खाली, डावीकडे व उजवीकडे अशा चार जागी फीलर गेजने फट मोजून लिहून घ्यावी. नंतर गिअरबॉक्सची तबकडी स्थिर ठेवून शाफ्टाची तबकडी पाव फेरा फिरवावी व चारही मापे पुन्हा घ्यावीत. मोठी फट शाफ्टाबरोबर फिरून नव्या जागी गेली, तर शाफ्ट वाकलेला आहे किंवा त्याची तबकडी वाकडी बसली आहे. तो काढून लेथवर तपासून घेतल्यावाचून इंजिन हलविण्यात अर्थ नाही. मोठी फट होती त्याच जागी राहिली, तर दोष इंजिनाच्या बैठकीत आहे. एवढ्या एका चाचणीने पुष्कळ निरर्थक श्रम वाचतात.

दुरुस्ती करताना एक तत्त्व पक्के ध्यानी धरावे. शाफ्टाची जागा स्टर्न ट्यूबने ठरविलेली आहे. तेव्हा इंजिन शाफ्टाकडे न्यावयाचे. शाफ्ट इंजिनाकडे ओढावयाचा नाही. समजा, १०० मिलीमीटरच्या तबकडीस वरची कड टेकली असून खाली ०.२ मिलीमीटर फट आहे, आणि इंजिनाच्या पुढील व मागील पायांत ८०० मिलीमीटर अंतर आहे. अंतर तबकडीच्या आठपट म्हणून फरकही आठपट: पुढील पाय १.६ मिलीमीटर खाली घ्यावे लागतील. तेवढ्या जाडीच्या चकत्या काढाव्यात, बोल्ट आवळावेत आणि पुन्हा मोजावे, कारण बोल्ट आवळल्याने इंजिन थोडे सरकतेच. बाजूची फट असल्यास इंजिन आडवे सरकवून तोच हिशेब करावा. चकत्यांऐवजी लाकडाच्या चिपा, टायरचे तुकडे किंवा डब्याचा पत्रा घालू नये. लाकूड दबते, रबर दबते, पत्रा गंजतो, आणि महिन्याने सर्व जुळणी फुकट जाते.

इंजिन रबरी पायांवर बसविलेले असेल किंवा कपलिंगमध्ये रबर असेल, तर रेषा पाहण्याचे कारण नाही, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. रबर थरथर गिळते, चूक दुरुस्त करीत नाही. उलट रबरी पाय दरवर्षी थोडे बसतात, म्हणून अशा होडीस तपासणी अधिक वेळा लागते. दोन तबकड्यांमधील रबर काढून, तबकड्या तोंडास तोंड लावून माप घ्यावे व मग रबर परत बसवावे.

जुळणी झाल्यावर आठ-दहा तास चालवून बैठकीचे बोल्ट पहावेत व फटी एकदा पुन्हा मोजाव्यात. नंतर नारळी पौर्णिमेच्या सुमारास एकदा, हंगामाच्या मध्यास एकदा आणि प्रत्येक आपटीनंतर मोजणे इष्ट होय. होडी वर काढली असता पंखा हाताने वरखाली हलवून बेअरिंगातील खेळ पहावा. खेळ एकाच दिशेला अधिक असला तर रेषा पूर्वीपासूनच चुकलेली होती असे समजावे, आणि बेअरिंग बदलूनही रेषा न सुधारल्यास नवे बेअरिंग त्याच वाटेने जाईल.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस यात करण्याजोगे दोन-तीन साधे काम आहे. मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत एक फीलर गेज, एक स्प्रिंगचा काटा व चकत्यांचा एक डबा घेऊन ठेवावा आणि तो होड्यांस आळीपाळीने द्यावा. ज्या तरुणास मापे वाचता येतात अशा एका-दोघांस ही रीत शिकवावी. पंपसेट दुरुस्त करणारा गावचा कारागीर ती एका भरतीत शिकेल. प्रत्येक होडीची एक वही असावी आणि तीत तारीख, भरतीची वेळ, टाकीतील इंधन, वर-खाली-डावी-उजवी अशी चार मापे व घातलेल्या चकत्यांची जाडी लिहावी. दोन हंगामांची मापे शेजारी ठेवली की होडी कोणत्या अंगाला लवत चालली आहे, हे कोणासही वाचता येते. ज्या होडीचा शाफ्ट पूर्वी एकदा तुटला आहे तिच्यात कपलिंग आणि ग्लँड यांच्यामध्ये शाफ्टावर दोन बोल्टांची एक घट्ट पकड बसवून घ्यावी. ती शाफ्टास तुटू देणार नाही असे नाही. पण तुटलेला शाफ्ट मागे निसटताना ती ग्लँडशी अडकते आणि नळीचे तोंड उघडे पडत नाही.